दहा दिवसांचे भंते

सुट्टी लागली की कुणी ट्रेकला जातं, कुणी इंटर्नशिप शोधतं. आणि काही मुलं डोकं भादरून, अंगावर चीवर घेऊन दहा दिवस श्रामणेर होतात. त्यांच्या पहिल्या आठवड्यात नेमकं काय घडतं?

केसांपासूनच सुरुवात करू. कारण शिबिराची सुरुवातही तिथूनच होते.

बाजूने बारीक, वर दाट असा कट तुम्ही वर्षभर जपलाय. सकाळी बेलवलीतून स्टेशनकडे पळताना, लोकलच्या दारात उभं राहताना, कॉलेजच्या गेटमधून आत शिरताना एकदा तरी हात केसांवरून फिरतोच. आणि आता वस्तरा लागतो. समोर केसांचा पहिला पुंजका पडतो. केस उतरत असताना भंतेजी तुमच्याकडून पाच शब्द म्हणवून घेतात. केस, लोम, नखं, दात, त्वचा. आधी सरळ, मग उलट. आपण सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा ज्यांच्यावर घालवतो, त्या नेमक्या याच पाच गोष्टी. हेअर जेलपासून फेसवॉशपर्यंतचं अख्खं मार्केट या पाच शब्दांत बसतं.

थोड्याच वेळात टक्कल तयार. ‘कसा दिसतोय रे मी?’ असं विचारायचं सुचेपर्यंत पुढचा नंबर लागलेला असतो.

हे आहे श्रामणेर शिबिर. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा वर्षाच्या अखेरीला महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या विहारांत अशी शिबिरं भरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा ती घेते, काही विहार आपापली घेतात. साधारण दहा दिवसांचा मामला. पुढे बौद्धाचार्य होऊन वस्तीतले नामकरण, लग्न, अंत्यविधी लावायचे असतील, तर हे शिबिर म्हणजे पहिली पायरी. पण बौद्धाचार्य व्हायचंच नाही, अशीही कितीतरी मुलं जातात. कुणाला आजीने पाठवलेलं असतं, कुणाला मित्राने ओढून नेलेलं असतं, कुणी स्वतःलाच तपासायला आलेलं असतं.

समजा, यंदा तुम्ही गेलात.

आधी घरी विचारलंत का?

दीक्षा देण्याआधी एक प्रश्न ठरलेला असतो. आईवडिलांची परवानगी आहे का?

या प्रश्नामागे अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक भांडण आहे. पहिला श्रामणेर म्हणजे राहुल, खुद्द बुद्धांचा मुलगा. बुद्ध कपिलवस्तूला आले, तेव्हा राहुल त्यांच्या मागे मागे गेला आणि त्यांनी त्याला सारिपुत्तांकरवी प्रव्रज्या दिली. हे कळल्यावर आजोबा, म्हणजे शुद्धोदन, हादरले. आधी मुलगा गेला, आता नातूही. त्यांनी बुद्धांपुढे जाऊन आपलं दुःख बोलून दाखवलं आणि मागणी केली की, यापुढे आईवडिलांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला संघात घेऊ नये. विनयपिटकातली ही गोष्ट आहे, आणि बुद्धांनी ते मान्य केलं. म्हणजे नियम झाला तो एका घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीवरून. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण भिक्खू होता येत नाही, हाही नियम विनयातलाच. श्रामणेर मात्र त्याआधीही होता येतं.

तर, घरी विचारून या. ‘परीक्षा कधी आहे?’ हा आईचा प्रश्नही सोबत घेऊन या.

दहा शीलं आणि तुमचा मोबाईल

आंघोळ झाली, पांढरे कपडे उतरले, चीवर अंगावर आलं. त्रिशरण झालं. आता दहा शीलं. पहिली पाच तुम्हाला पाठ असतील, घरी वंदनेत म्हटलेली असतात. फक्त तिसरं इथे कडक होतं, दहा दिवस पूर्ण ब्रह्मचर्य. खरी गंमत पुढच्या पाचांत आहे. दुपारनंतर जेवायचं नाही. नाचगाणी, तमाशे बघायचे नाहीत. हार, अत्तर, नटणंमुरडणं नाही. उंच, मऊ बिछान्यावर झोपायचं नाही. आणि दहावं, सोनं-चांदी स्वीकारायची नाही. म्हणजे पैशाला हात लावायचा नाही.

आता हीच यादी आजच्या भाषेत वाचा. संध्याकाळचा वडापाव बंद. रील्स बंद, इअरफोन बंद. डिओ बंद. गादी बंद. यूपीआय बंद. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमचा सगळा दिवस बघून ही यादी केली असावी, असं वाटायला लागतं.

पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त त्रास भूक देते असं तुम्हाला वाटेल. दुपारी बारानंतर फक्त पाणी, सरबत. पण जेवणाच्या नियमामागची गोष्ट ऐका. मज्झिमनिकायातल्या लटुकिकोपम सुत्तात उदायी नावाचे भिक्खू ती सांगतात. पूर्वी भिक्खू रात्रीही भिक्षेला जायचे. अंधारात कुणी गटारात पडायचं, कुणी काट्यांत. एकदा वीज चमकली तेव्हा भांडी घासत बसलेल्या एका बाईला दारात भिक्खू दिसला आणि भूतच आलं म्हणून ती किंचाळली. मग तिने त्याला चांगलं सुनावलं. पोटासाठी असं अंधारात हिंडण्यापेक्षा पोट चिरून घेतलेलं बरं, असंच काहीसं.

आपण समजतो की, उपवासाचे नियम स्वतःच्या शरीराला वळण लावायला असतात. ते आहेच. पण या नियमात समोरच्या घराचाही विचार आहे. दिवसभर राबलेल्या बाईच्या दारात भलत्या वेळी उभं राहू नये. हे कळलं की, संध्याकाळी सात वाजता पोटात होणारी गुरगुर जरा वेगळी ऐकू येते.

चीवराचंही तसंच. पहिल्या दिवशी ते सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. खांद्यावरून घसरतं, पायात अडकतं. पण नीट बघितलंत तर त्यावर तुकडे जोडल्याच्या रेघा दिसतील. मगध देशातली बांध घातलेली शेतं बघून बुद्धांनी आनंदाला तसं चीवर शिवता येईल का विचारलं, अशी कथा विनयात आहे. बदलापूरहून वांगणी, नेरळकडे जाताना खिडकीतून जी भातखाचरं दिसतात, तोच नकाशा. कापडाचे आधीच तुकडे केलेले, म्हणजे ते चोरून विकायलाही कुणाला फार मोह होऊ नये.

तुमच्याच वयाचा एक एल्डर

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत युटा राज्यात प्रोव्हो नावाचं शहर आहे. तिथे मॉर्मन चर्चचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे येणारी मुलं तुमच्याच वयाची, अनेकजण जेमतेम अठरा पूर्ण केलेली. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पट्टी. त्या पट्टीवर पहिलं नाव नसतं, फक्त ‘एल्डर’ आणि आडनाव. मुलगे दोन वर्षं देतात, मुली दीड वर्ष. पगार नाही. उलट खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. २०१९ पर्यंत घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस मिळायचे, नाताळ आणि मातृदिन. आता आठवड्याला एकदा करता येतो.

अलीकडे तर त्यांच्या प्रशिक्षणाची सुरुवात स्वतःच्या घरूनच, ऑनलाइन होते. म्हणजे आई शेजारच्या खोलीत स्वयंपाक करतेय आणि मुलगा आपल्या खोलीत टाय लावून मिशनरी व्हायला शिकतोय. त्यानंतर केंद्रावर जायचं.

त्यांच्या पहिल्या आठवड्यात काय असतं? मुख्यतः बोलणं. ज्या देशात जायचं तिथली भाषा. प्रोव्होच्या केंद्रात पन्नासहून जास्त भाषा शिकवल्या जातात, आणि पहिल्या काही दिवसांतच मोडक्यातोडक्या नव्या भाषेत समोरच्याला आपला धर्म समजावून सांगायचा सराव सुरू होतो. आणखी एक नियम. एकटं कधीच राहायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला जातो. झोपताना, अभ्यासाला, रस्त्यावर, कायम दोघं सोबत. जोडीदार आवडो न आवडो.

दोन्हीकडे साम्य बरंच आहे. कपडे बदलले, ओळख बदलली, घर लांब गेलं, वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात गेलं. कुठलीही प्रशिक्षण छावणी आधी माणसाच्या जुन्या सवयींवर घाव घालते, मग ती लष्कराची असो की धर्माची. म्हणूनच कुठल्याही छावणीत शिरताना डोळे उघडे ठेवावेत. प्रश्न विचारायला परवानगी आहे का, हे आधी बघावं.

पण एक मोठा फरकही आहे. मॉर्मन मुलगा दारावर जातो तो काहीतरी द्यायला, सांगायला. त्याच्या हातात पुस्तक असतं. बुद्धांनीही आपल्या पहिल्या साठ शिष्यांना लोकांच्या हितासाठी गावोगाव धाडलं होतं, आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असं सांगितलं होतं. म्हणजे जोडीच्या बरोबर उलट. मात्र त्या वाटेवर भिक्खू दारापुढे उभा राहायचा, तेव्हा त्याच्या हातात रिकामं पात्र असायचं.

तुमच्या पहिल्या आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस तिथेच आहे.

पात्र घेऊन दारात

सकाळची वेळ. रांगेत, अनवाणी, नजर खाली. पुढे भंतेजी, मागे तुम्ही सगळे टकलू. काही शिबिरांत भोजनदान विहारातच येतं, काही ठिकाणी वस्तीतून फेरी निघते. समजा तुमच्याकडे निघाली. चाळ, बिल्डिंग, गल्ली. दारं उघडी असतात. बायका डोक्यावर पदर घेऊन, भाताचं पातेलं घेऊन उभ्या असतात. मागायचं नाही. ‘द्या’ म्हणायचं नाही. नुसतं उभं राहायचं. जे पडेल ते पात्रात. भातावर कधी खीर पडते, खिरीवर डाळ. आवडीनिवडीला जागा नाही.

जेवतानाही पंचाहत्तर सेखियांतले नियम शिकवलेले असतात. घास येण्याआधी तोंड उघडायचं नाही. तोंडात घास असताना बोलायचं नाही. मचमच आवाज करायचा नाही. आणि एक फारच छान, नावं ठेवायला म्हणून दुसऱ्याच्या पात्रात डोकवायचं नाही. हा एक नियम इन्स्टाग्रामवर लागू केला तर निम्मं ॲप रिकामं होईल.

पण त्या फेरीत पोटात कुठेतरी काहीतरी टोचतं. दुसऱ्याच्या दारात अन्नासाठी हात पुढे? आणि तुम्ही जर महाराष्ट्रातल्या बौद्ध घरातले असाल, तर हे टोचणं आणखी खोल असतं. कारण हे दार तुमच्या पणजोबांनाही माहीत होतं. गावची कामं करायची, सांगावे न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागायची. त्याला बलुतं म्हणायचे, हक्क म्हणायचे. पण तो हक्क उंबऱ्याबाहेर उभं राहून, वरून टाकलेल्या तुकड्यांचा होता. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) वाचलं नसेल तर वाचा, म्हणजे त्या भाकरीची चव कळेल.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच सोडायला सांगितलं. मेलेल्या जनावराचं मांस नको, उष्टं नको, शिळे तुकडे नकोत. २० मार्चला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. आणि पुढच्या दीड महिन्याच्या आत, ३ मे १९२७ ला, ते आपल्या बदलापुरात होते. इथल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. ज्या स्टेशनवरून आपण रोज लोकल पकडतो त्या गावात. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या गुलामीत बदल करणारं विधेयक मांडलं. वतनं कायद्याने गेली ती १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर.

म्हणजे आजोबांनी भाकरी मागणं बंद केलं ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. मग नातू पुन्हा पात्र घेऊन दारात का उभा आहे?

याचं उत्तर भंतेजी प्रवचनात देतीलही. पण ते तुम्हाला दारातच दिसेल. पात्रात भात वाढून झाल्यावर वाढणारी बाई वाकते. तिचं वय तुमच्या आजीएवढं असतं. कदाचित ती तुमची आजीच असते. काल तुम्हाला ‘उठ रे, कॉलेज नाही का?’ म्हणून ओरडणारी आई आज चीवरापुढे हात जोडून उभी असते. तुम्हाला कसंनुसं होतं. वाटतं, अगं आई, मीच आहे. पण तिने वंदन केलंय ते चीवराला आणि तुम्ही घेतलेल्या दहा शीलांना. कालपर्यंतच्या तुमच्या पराक्रमांना तर नक्कीच नाही.

उंबरा तोच, हातातलं भांडंही तसंच. पूर्वी मागणाऱ्याला पर्याय नव्हता. तुम्ही घरात जेवण असताना, खिशात पैसे असताना, आपण होऊन दहा दिवस रिकाम्या हाताने उभे आहात. देणारी वरून टाकत नाही, दोन्ही हातांनी वाढते. फरक या स्वखुशीत आहे, आणि तो फरक घडवायला एका पिढीला तळ्यावर जावं लागलं, पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जावं लागलं. दहा दिवसांचं हे पात्र त्या जोरावर हातात येतं. हे विसरून नुसते फोटो काढले, तर शिबिर केस कापण्यापुरतंच राहील.

ही वाट जुनीच आहे

कधी सुट्टीच्या दिवशी कर्जत लोकल पकडा. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. पावसात हिंडून उभी पिकं आणि जीवजंतू तुडवू नयेत म्हणून. तिथल्या एका छोट्या लेखात कण्हाचा शिष्य बलक याचं नाव आहे. राजा नाही, सेनापती नाही, कुणाचा तरी विद्यार्थी. लेखातला शब्द आहे ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. आज विहारात सतरंजीवर झोपणारे तुम्हीही तेच. आणि कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख बघितले, तर दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसं भेटतात. म्हणजे आपल्या सेंट्रल लाइनवरची माणसं फार आधीपासून पात्रात वाढत आली आहेत.

थोडे दिवस भिक्खू होण्याची प्रथाही आपल्यापुरती नाही. थायलंडमध्ये ती घरोघरची आहे. तिथले राजे भूमिबोल यांनीसुद्धा पंधरा दिवस चीवर घेतलं होतं. तारीख बघा, २२ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर बरोबर आठ दिवसांनी.

अकराव्या दिवशी काय?

सातव्या दिवसापर्यंत चीवर सांभाळता यायला लागतं. भूक वेळेवर लागते आणि वेळेवर झोपते. पाली गाथा अर्थासकट तोंडावर येतात. फोनची आठवण येते, पण खिशाकडे हात जात नाही. आणि मग दहावा दिवस येतो. चीवर उतरतं, जीन्स चढते. फोन सुरू करताच नोटिफिकेशनचा पाऊस पडतो. सोमवारी कॉलेजमध्ये ‘काय रे, तिरुपतीला जाऊन आलास का?’ हा प्रश्न ठरलेला.

केस दोन-तीन महिन्यांत वाढतील. बाकीचं काय?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत एक प्रश्न टाकून ठेवलाय. बुद्धांनी भिक्खू कशासाठी घडवला? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, सेवक असेल तर मात्र आशा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५० च्या एका लेखात तर त्यांनी भिक्खूंपुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखान्यांच्या कामाचं उदाहरण ठेवलं होतं. चांगलं ते कुणाकडूनही शिकावं, इतकं साधं.

प्रश्न भिक्खूंना विचारलेला आहे, पण दहा दिवसांच्या भंत्यांनाही तो लागू होतो. प्रोव्होच्या मुलाला दोन वर्षं मिळतात. तुम्हाला दहाच दिवस मिळाले, पण तुमचं क्षेत्र मात्र तुमच्याच गल्लीत आहे. विहारात संध्याकाळी एक तास दहावीच्या मुलांना गणित शिकवता येईल? वस्तीतल्या आजोबांचा पेन्शनचा फॉर्म भरून देता येईल? ज्या बाईने तुमच्या पात्रात भात वाढला, तिच्या घरचं दार आता तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी तिथे जाताना हातात काय असेल, ते तुम्ही ठरवा.

जायचं ठरवलंत तर…

* शिबिर कोण घेतंय, राहण्या-जेवण्याची सोय काय, शिकवणारे कोण, हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. अठरा पूर्ण नसतील तर आई-बाबांनाही सोबत न्या.
* डायबेटिस, ॲसिडिटी किंवा रोजची गोळी चालू असेल तर संयोजकांना आधी सांगा. आजारी माणसाला नियमांत सूट द्यायची पद्धत विनयातही आहे.
* परीक्षा, सबमिशनच्या तारखा तपासा. केटी लागली तर धम्माला बोल लावू नका.
* मुलींनो, सगळ्याच शिबिरांत प्रव्रज्या मिळत नाही, पण उपासिकांसाठी वेगळी शिबिरं असतात. ‘आम्हाला का नाही?’ हा प्रश्न जरूर विचारा. महाप्रजापती गोतमींनीही तो विचारला होता, नकार मिळाल्यावर पुन्हा विचारला होता, आणि भिक्खुणी संघ त्यातूनच उभा राहिला.
* प्रश्न विचारायला लाजू नका. बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं की, ऐकीव आहे, परंपरेने आलंय किंवा गुरू सांगतायत एवढ्यावरून काही मानू नका. हा सल्ला शिबिराच्या दारात काढून ठेवायचा नसतो.